पोस्ट तुम्हीच उडवलीत नं, वहिनी?

पत्र

ताई, नमस्कार.

मी इंदूरची, वय ५६, सुदामा नगरात राहते. इथल्या मराठी मंडळींचा आमचा एक फेसबुक ग्रुप आहे, नऊ हजारांवर सभासद आहेत. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत कुणाला डबा हवा, कुणाला ऑक्सिजनचं सिलिंडर हवं, यासाठी तो सुरू झाला आणि मग वाढतच गेला. आता भाड्याची घरं, लग्नाची स्थळं, गुरुजींचे पत्ते, उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी, सगळं त्यावर चालतं.

ग्रुप आम्ही पाच जण सांभाळतो. सुरुवातीला आपापल्या नावानेच काम करायचो. एकदा आमच्यातल्या एका तरुण मुलीने कुणाची तरी शिवराळ कमेंट काढली, तर तिला आठवडाभर रात्री-बेरात्री फोन आले. घरचे घाबरले. तेव्हा आम्ही 'संयोजक' अशा नावाचं एक खातं उघडलं आणि पासवर्ड पाचही जणांनी घेतला. काही काढायचं असलं, कुणाला समज द्यायची असली, तर सगळं त्याच खात्यातून.

गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी एका मंडळाच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशोब मागणारी पोस्ट टाकली. भाषा सभ्य होती. तासाभरात पोस्ट उडाली आणि त्यांनाही ग्रुपबाहेर काढलं. कारण दिलं नाही. हे गृहस्थ माझे मावसदीर लागतात. परवा एका मुंजीत, भर पंगतीत त्यांनी विचारलं, "पोस्ट तुम्हीच उडवलीत नं, वहिनी?" मी नाही उडवली. बाकी चौघांना विचारलं, तर चौघंही म्हणतात, आम्ही नाही.

मला वाटतं, ग्रुपवर सरळ माझ्या नावाने लिहावं की हे मी केलेलं नाही. आमच्यातले एक काका म्हणतात, असं करणं म्हणजे बाकीच्यांना तोंडघशी पाडणं. शिवाय नावं उघडी झाली तर उद्या पोलीस-कोर्ट मागे लागेल. काय करू?

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना मी त्या पंगतीपाशीच थांबले. पानात मठ्ठा वाढून झालाय, आजूबाजूला नात्यातल्या चार बायका कान टवकारून बसल्यात, आणि न केलेल्या गोष्टीचा जाब तुम्हाला विचारला जातोय. "मी नाही" म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला, "मग कोण?" आणि त्याचं उत्तर तुमच्यापाशी नाही. आळ आला तो आलाच, पण ज्या ग्रुपसाठी तुम्ही दुसऱ्या लाटेत रात्र रात्र फोन केले असतील, त्यात काय घडलं हे तुमचं तुम्हालाच सांगता येऊ नये, हे जास्त लागलं असणार.

आधी एक शक्यता सांगते. पाचही जण खरं बोलत असतील.

आमच्या गृहसंस्थेत काही वर्षांपूर्वी समितीचा एकच ईमेल होता, पासवर्ड सगळ्यांकडे. एका रात्री त्या ईमेलवरून एका सभासदाला थकबाकीबद्दल फार लागट भाषेत पत्र गेलं. समितीत आम्ही चार बायका. चौघींनीही देवाशपथ सांगितलं की मी नाही. चौघींपैकी कुणाचाच दुसरीवर विश्वास बसला नाही. त्या वर्षी संक्रांतीचं वाण घ्यायलासुद्धा आम्ही एकमेकींच्या घरी गेलो नाही. कितीतरी महिन्यांनी उलगडा झाला. आधीच्या सचिवांनी आपला जुना फोन घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला दिला होता आणि त्या फोनमध्ये ते खातं उघडंच राहिलं होतं. मुलाचं आणि त्या सभासदाच्या मुलाचं गाडी लावण्यावरून वाजलं होतं, एवढंच. आम्ही एकमेकींची माफी मागितली, पण त्यातली एक मैत्री जी तुटली ती तुटलीच. मला अजून तिची आठवण येते.

म्हणून तुम्ही पाच जण एकदा कुणाच्या तरी घरी समोरासमोर बसा. हे फोनवर नको. 'संयोजक' खात्याच्या सेटिंगमध्ये पासवर्ड आणि सुरक्षेच्या भागात हे खातं सध्या कोणकोणत्या फोनवर आणि संगणकावर उघडं आहे त्याची यादी दिसते. प्रत्येकाने आपापला फोन ओळखायचा. गावाचं नाव तिथे कधीकधी चुकीचं येतं, तेव्हा भरवसा फोनच्या मॉडेलवर ठेवा. पाच जणांचे फोन ओळखून झाल्यावर सहावा उरला, तर तो कुणाचा? पूर्वी तुमच्यात असलेलं आणि आता पुण्या-बंगळूरला गेलेलं कुणी आहे का? कुणी जुना फोन विकला, भाच्याला दिला, दुकानातल्या संगणकावर एकदा खातं उघडून तसंच सोडलं? त्याच बैठकीत ग्रुपचा ॲक्टिव्हिटी लॉगही बघा. कोणती पोस्ट कधी काढली गेली याची वेळ त्यात असते. नाव 'संयोजक' एवढंच दिसेल, पण वेळेवरूनही पुष्कळ कळतं. आणखी एक बघायचं. ठरावीक शब्द आला किंवा तक्रारी आल्या की पोस्ट आपोआप निघावी, असा नियम ग्रुपच्या 'ॲडमिन असिस्ट' नावाच्या सोयीत लावता येतो. कुणीतरी तो कधीकाळी लावलेला असतो आणि विसरून गेलेलं असतं.

एवढं करूनही हात सापडला नाही, तर शोध तिथेच थांबवा. पाच स्नेह्यांनी एकमेकांची उलटतपासणी घेत बसण्याइतकं त्या एका पोस्टचं मोल नाही. सगळ्या फोनवरून खातं बंद करा, पासवर्ड बदला आणि पुढचं बोला.

पुढचं म्हणजे हे 'संयोजक' प्रकरण. ते का सुरू झालं, हे तुम्ही एका वाक्यात लिहिलंय, पण मला ते वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. माझं आजोळ इंदूरचं, रामबागेतलं. तिथल्या मराठी जगाचा आवाका मला माहीत आहे. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, तिलक नगर, तुमचं सुदामा नगर. माणसं फिरून फिरून तीच. रात्री ज्याची कमेंट काढली तो सकाळी पोहे-जलेबीच्या दुकानात शेजारी उभा असतो, संध्याकाळी नाटकाच्या मध्यंतरात भेटतो आणि मार्गशीर्षात त्याच्याच घरी हळदीकुंकवाचं बोलावणं असतं. अशा ठिकाणी स्वतःच्या नावाने "तुमची पोस्ट काढली" असं सांगायला छाती लागते, आणि त्या तरुण मुलीला तर त्याची किंमत रात्रीच्या फोनांनी मोजावी लागली. तिला झाकून घ्यावं असं तुम्हा सगळ्यांना वाटलं, ते योग्यच होतं. "लपून काय काम करायचं, नाव सांगा" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांना रात्री दोन वाजता अनोळखी नंबरावरून फोन आलेला नसतो.

पण तिला झाकताना तुम्ही पाचही जण एकमेकांपासून झाकले गेलात, आणि घोळ झाला तो इथे. बाहेरच्याला कोण दिसावं हा एक प्रश्न, आणि आतल्यांना कोण माहीत असावं हा दुसरा. एका पासवर्डाने दोन्हीवर एकदमच पडदा पडला.

वर्तमानपत्राचा अग्रलेख आठवा. त्याच्याखाली कुणाचंच नाव नसतं, कारण ते मत पत्राचं असतं. पण त्याच अंकात तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापलेलं असतं, आणि ते छापण्याचं कायद्याचं बंधन आपल्याकडे फार जुनं आहे. कोल्हापूर संस्थानच्या दिवाणांवरच्या मजकुरावरून 'केसरी' आणि 'मराठा' यांच्यावर बदनामीचा खटला झाला, तेव्हा संपादक म्हणून आगरकर आणि टिळक १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. मजकूर कुणाच्या लेखणीतून उतरला हे वाचकाला ठाऊक असो-नसो, जाब कुणी द्यायचा हे ठरलेलं होतं. तुमच्या 'संयोजक'ला ती तळाची बारीक ओळच नाही.

आता व्यवहाराचं. हे खातं असंही फार दिवस टिकायचं नाही. फेसबुकचा नियम असा की खातं माणसाच्या रोजच्या नावाने हवं, एका माणसाचं एकच हवं आणि पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही. 'संयोजक' या तिन्हीत बसत नाही. पाच फोनवरून, कधी इंदूर तर कधी पुणे असं उघडलं जाणारं खातं कुठल्याही दिवशी अडकू शकतं, आणि मग ओळखपत्र मागतात. कुणाचं देणार? ओटीपी ज्यांच्या नंबरावर येतो ते काका नातवाच्या बारशाला परगावी गेलेत आणि फोन बॅगेत आहे, असं एकदा तरी झालं असेलच. ग्रुपचं एकमेव ॲडमिन हेच खातं असेल, तर नऊ हजार माणसांचा ग्रुप एका दिवसात पोरका होईल. ही गोष्ट या आठवड्यात तपासा, बाकीचं नंतर झालं तरी चालेल. निदान दोघं-तिघं खऱ्या खात्यांनिशी ॲडमिन असलेच पाहिजेत.

बाहेर एकच नाव दिसायला हवं असेल, तर त्यासाठी फेसबुकवर पेज काढा, म्हणजे व्यक्तीऐवजी संस्थेच्या नावाचं पान. ग्रुपच्याच नावाचं पेज. त्या पेजला ग्रुपचं ॲडमिन करता येतं, आणि पेज चालवणारे पाचही जण आपापल्या खात्यातून, आपापल्या पासवर्डाने आत येतात. बाहेरच्याला पेज दिसतं, मुलीचं नाव दिसत नाही. कुणी काम सोडलं की फक्त त्याचा प्रवेश काढायचा, पाच जणांचा पासवर्ड बदलत बसायला नको. जोडीला व्हॉट्सॲप ग्रुप असेल, तर तिथे हे जमणार नाही हे लक्षात असू द्या. तिथे ॲडमिनने दुसऱ्याचा मेसेज काढला की कोणत्या ॲडमिनने काढला ते सगळ्यांना दिसतं. तेव्हा तिथलं काढण्याचं काम त्या मुलीकडे ठेवू नका.

पेज केलं तरी लॉगमध्ये पेजचंच नाव येईल. म्हणून एक नोंदवही हवीच. आपल्या संस्थांना इतिवृत्त लिहायची सवय आहे, तुमच्या काकांना तर नक्कीच असेल. पाच जणांचा एक छोटा वेगळा ग्रुप करा आणि काही काढलं की लगेच तिथे एक ओळ टाका. "स्थळाची पोस्ट, मुलीचा घरचा पत्ता आणि नंबर होता म्हणून काढली, आईंना मेसेज करून कळवलं, पत्ता वगळून पुन्हा टाकणार आहेत. रात्री ९.४०." खाली नाव आपोआप येतंच. बास. यापेक्षा लांब लिहायला लागलात, तर चार दिवसांत कुणीच लिहिणार नाही. काढलेल्या पोस्टचा स्क्रीनशॉट मात्र त्याच ओळीसोबत ठेवा, नाहीतर महिन्याभराने "त्यात असं काय होतं?" यावरच वाद होईल. आणि ज्याची पोस्ट काढली त्याला कारण कळवायचं, प्रत्येक वेळी. तुमच्या मावसदिरांना पोस्ट गेल्याचा राग असेलच, पण नऊ हजारांसमोरून कुणीतरी उचलून बाहेर ठेवलं आणि का ते सांगायलाही कुणी आलं नाही, हे त्यांना पंगतीपर्यंत पुरलं.

पैशाबद्दल वेगळं लिहिते, कारण हे प्रकरण पैशाचं आहे. शिवीगाळ असली तर जो आधी बघेल त्याने काढावी, तिथे वाट बघू नये. पण वर्गणी, देणगी, हिशोब असल्या प्रश्नांची पोस्ट कुणीही एकट्याने काढायची नाही असं ठरवा. दोघांनी बोलून मगच. आणि पाचांपैकी कुणी त्या मंडळाच्या कार्यकारिणीवर असेल, तर त्या व्यक्तीने त्या पोस्टला हात लावायचा नाही, चांगल्या हेतूनेसुद्धा नाही. ताई, तुमच्या पाचांत असं कुणी आहे का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. असेल, तर लोकांना ते आधीच माहीत आहे असं समजा. लोकवर्गणीचा हिशोब विचारणं हा वर्गणी देणाऱ्याचा हक्क आहे. तो प्रश्न निनावी हाताने पुसला गेला की चोख हिशोब ठेवणाऱ्या मंडळावरही शिंतोडे उडतात. मंडळाने दोन दिवसांत जमाखर्चाचा कागद फोटो काढून टाकला असता, तर विषय तिथेच मिटला असता.

काकांच्या पोलिसांच्या भीतीबद्दल. ती हसण्यावारी नेऊ नका, या वयात कोर्टाची पायरी कुणाला नको असते. पण त्यांना हे सांगा. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आणि २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने व्हॉट्सॲप ग्रुपांच्या प्रकरणांत म्हटलं आहे की दुसऱ्या सभासदाने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून केवळ ॲडमिन असल्याच्या कारणाने कुणी गुन्हेगार ठरत नाही. त्यात त्याचंही संगनमत दिसावं लागतं. हे निकाल मध्य प्रदेशातले नाहीत, फेसबुकवरचेही नाहीत, पण दिशा कळायला पुरेसे आहेत. उलट सामायिक खात्यातच काकांना जास्त धोका आहे. त्या खात्यातून उद्या कुणी भलतंसलतं लिहिलं, तर चौकशी आधी ज्याच्या नंबरावर खातं आहे त्याच्या दारात येईल, आणि "हे मी लिहिलं नाही" हे सिद्ध करायला त्यांच्यापाशी काहीही नसेल. आज तुमच्यापाशी नाही, तसंच.

आता तुमचा प्रश्न. ग्रुपवर "मी नव्हे" असं लिहू नका. काकांनी दिलेलं कारण मला तितकंसं पटत नाही, पण निष्कर्षाशी मी सहमत आहे. पाचातून एक वजा झाला की उरलेल्या चौघांकडे नऊ हजार माणसं बघायला लागतील. मग दुसरा लिहील, तिसरा लिहील, आणि शेवटी जो लिहायला उशीर करेल तो चोर ठरेल. ती मुलगी असली तर? पुन्हा तेच फोन.

ग्रुपवर लिहायचं ते पाचांच्या वतीने लिहा. अमुक तारखेची पोस्ट कारण न देता काढली गेली आणि सभासदाला बाहेर काढलं गेलं, ही आमची चूक झाली. त्यांना परत घेतलं आहे, त्यांनी तोच मजकूर पुन्हा टाकावा, तो राहील. यापुढे काढलेल्या प्रत्येक पोस्टचं कारण कळवलं जाईल. चार ओळी. "काही गैरसमजामुळे" वगैरे पांघरूण घालू नका, लोकांना ते वाचताक्षणी कळतं.

मावसदिरांकडे मात्र तुम्ही स्वतः जा. फोन नको, घरी जा, आणि ग्रुपवर ते निवेदन येण्याच्या आधी जा. त्यांना खरं सांगायला काहीच हरकत नाही. "भाऊजी, मी नाही काढली. कुणी काढली ते मला अजूनही माहीत नाही, आणि हे मला माहीत नसणं हीच आमची चूक आहे. मी त्या पाचातली एक आहे, म्हणून तुमची माफी मागायला आले." ते आधी चिडतील. चिडू द्या. पंगतीत तुम्हाला चार जणांत विचारलं याबद्दल त्यांनाही थोडं वाटत असेल, ते त्यांना बोलायला सवड द्या. "पण तुम्हाला कुणाचा संशय आहे?" असं ते विचारतीलच, तेव्हा नाव घेऊ नका, डोळ्यांनीसुद्धा नाही.

बाकीच्यांनी नोंदवही नको, पेज नको, आहे तेच बरं, असं म्हटलं तर? दोनदा समजावून सांगा, आणि तरीही नाहीच म्हणाले तर बाहेर पडा. तुमच्या फोनमधून ते खातं बंद करा, पाचांच्या ग्रुपवर तारीख लिहा की आजपासून माझा या खात्याशी संबंध नाही, पासवर्ड बदलून घ्या. त्याला कुणी फितुरी म्हटलं तरी मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्याच्या हाताने झालेल्या कामाचा जाब आयुष्यभर पंगतींतून देत राहण्याची शपथ तुम्ही घेतलेली नाही. पण माझा अंदाज आहे की तसं होणार नाही. ऑक्सिजनची सिलिंडरं शोधायला एकत्र आलेली माणसं आहात तुम्ही.

बैठक ठरवण्याआधी एक फोन करा, त्या मुलीला. हे सगळं बदलायचं चाललंय हे तिला चौघांच्या तोंडून एकदम कळू देऊ नका. ज्या पडद्याआड तिला सुरक्षित वाटत होतं तो हलतोय, तर तो कसा हलवायचा यावर पहिला शब्द तिचा असला पाहिजे. पेजवर तरी राहायचंय का, की फक्त मोदकांच्या ऑर्डरी आणि भाड्याच्या घरांचं काम बघायचंय, की काही दिवस काहीच नको, हे तिला ठरवू द्या. ते फोन करणारा माणूस अजून ग्रुपवर आहे का, हेही तिला विचारा. असेल, तर बैठकीत पहिला विषय तोच घ्या.

तुमची,
ताई